शनिवारी क्लब, आयताराला कॉयर

पत्र थोडक्यात असं. डिचोली तालुक्यातली एक २४ वर्षांची मुलगी, घरात कोंकणी पण गावात मराठी प्रायमरी शाळा, म्हणून लिहायला मराठीच सोपी पडते म्हणते. दिवसा पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दहा वर्षांची असल्यापासून चर्चच्या कॉयरमधे गाते, आता लहान मुलांची कॉयर तीच शिकवते. दोन वर्षं झाली वीकेंडला किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात पण गाते, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. मग मैत्रिणीच्या रोसला, म्हणजे लग्नाआधीच्या समारंभाला, गायलेलं एक जुनं हिंदी गाणं कोणीतरी मोबाईलवरून टाकलं, ते लाखो लोकांनी बघितलं आणि मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, पहिलं गाणं क्लबात वाजेल असं, व्हिडिओसकट. कंपनी म्हणते प्रोफाईलवरचं बायबलचं वचन काढ, तू सगळ्यांची सिंगर दिसली पाहिजेस. कॉयरच्या ग्रुपवर एका आँटीने लिहिलं की पोरांसमोर हे कसलं उदाहरण, देवाने दिलेला आवाज व्हिस्कीच्या ग्लासांसाठी नसतो. अनोळखी लोक कमेंटमधे लिहितात की खरी ख्रिश्चन असशील तर फक्त गॉस्पेल, म्हणजे येशूची भक्तिगीतं, गा. हॉटेलातले बँडवाले तर उलटंच, स्टेजवर जाण्याआधी खुर्साची, म्हणजे क्रुसाची, खूण करते म्हणून तिला 'सिस्टर', म्हणजे नन, म्हणून चिडवतात. पाद्रींनी प्रार्थना कर आणि विचार कर एवढंच सांगितलं. आई बोलतच नाही. कंपनीला पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे. ती विचारते, ताई, कॉयर सोडू की काँट्रॅक्ट सोडू, आणि जे करीन ते करून विश्वासाचं चांगलं उदाहरण कशी राहू?

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सहज मोजलं, 'उदाहरण' हा शब्द तू सात वेळा लिहिलायस, 'गाणं' चार वेळा, आणि 'मला गायला आवडतं' असं एकदाही नाही. ते मी मनात ठेवलंय, पुढे परत येते त्यावर.

आणि मराठीत लिहिल्याबद्दल माफी कसली मागतेस गं? राशोलला १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण मराठीतच आहे, तेही ओवीत, आणि लिहिणारा इंग्लंडातून आलेला जेज्वित पाद्री, फादर स्टीफन्स. आमची पुराणं ज्या छंदात म्हटली जायची तोच छंद त्याने उचलला आणि त्यात येशूची गोष्ट सांगितली. चाल कोणाची आणि शब्द कोणाचे हा घोळ गोव्यात ४०० वर्षं जुना आहे, तुझ्यापासून सुरू झालेला नाही.

आधीच सांगते, मी ख्रिश्चन नाही. फोंड्याकडची, देवळाच्या आवारात वाढलेली. त्यामुळे तुझा धर्म काय सांगतो हे तुला शिकवायला मी जाणार नाही, ते तुझ्या पाद्रींचं काम. पण गाणं, देव आणि लोक ही तीन माणसं एकाच घरात राहायला लागली की काय होतं ते मी जवळून बघितलंय. माझे बाबा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे आणि गावोगावच्या नाटकांना तबला. एका वर्षी सप्ताहात कोणीतरी मोठा माणूस म्हणाला की रात्री नाटकातल्या नाचाला ठेका धरणारे हात सकाळी अभंगाला नकोत. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी जो पोरगा बसवला होता त्याची लय गजराला अशी काय सुटली की तोच मोठा माणूस रात्री ११ वाजता आमच्या दारात. तत्त्व वगैरे सगळं लयीपाशी येऊन बसलं. बाबा गेले, वाजवलं, आणि घरी येऊन जेवले. मी तेव्हा बारा वर्षांची असेन, मला खूप राग आला होता की गेलेच कशाला, आता नाही येत.

तर आता तुझ्या पत्रातली पहिली गोष्ट जी मला पटत नाही. तू असं धरून चाललीयस की चर्चचं गाणं हा एक किनारा आणि बाहेरचं गाणं हा दुसरा, मधे मांडवी, आणि तुला फेरीत चढायचं की नाही एवढंच ठरवायचंय. पण गोव्यात तो पूल तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी बांधलेला आहे आणि तो चर्चनेच बांधलाय. चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम, शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, कशासाठी, तर मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आणि लादाइनीच्या सामूहिक प्रार्थनेला वाजवायला माणसं पाहिजेत म्हणून. तीच पोरं मोठी झाली आणि मुंबईला गेली, आणि हिंदी सिनेमाला नेमकी अशीच माणसं हवी होती, कागदावरचं नोटेशन वाचणारी. शंकर-जयकिशनची गाणी अरेंज करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोंयकार. सी. रामचंद्रांकडे ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट हळदोण्याचे. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, १९२७ चा जन्म, त्यांचे वडील चर्चचे कॉयरमास्टर. त्यांनी प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं आणि १९७७ साली शिष्याने गुरूचं नाव हिरोच्या तोंडी असं घातलं की आज पण लग्नात ते गाणं लागलं की सगळे खुर्च्या सोडतात. ह्या लोकांनी वाजवलं काय? प्रेमाची गाणी, कॅबरे, पावसातली गाणी. ह्यांचा विश्वास मुंबईला गेल्यावर समुद्रात पडला असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. उलट आज त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, तुझ्या कॉयरमधली ती आँटी पण घेत असणार.

मग तुझ्याच वेळी काय झालं? माझं स्पष्ट मत सांगते, पटलं नाही तर सोडून दे. ती सगळी वाजवणारी पुरुष माणसं होती आणि पडद्यामागे होती. तू मुलगी आहेस आणि व्हिडिओत दिसणार आहेस. तूच लिहितेस की तुमच्या कॉयरचा गिटारवाला चार वर्षं कॅसिनोच्या बोटीवर वाजवतोय आणि त्याला चर्चच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, सोलो मिळतो. त्याच्या गिटारला देवाने दिलेलं कोणी म्हणत नाही वाटतं.

हे फक्त तुमच्याकडेच आहे असं नाही हं. मंगेशीच्या देवळातल्या घरातून जितेंद्र अभिषेकी बाहेर पडले, नाटकांना चाली लावल्या, त्यांच्या भक्तीची परीक्षा कोणी घेतली नाही आणि घ्यायची गरज पण नव्हती. आणि त्याच गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, ह्यांच्या घराण्यातल्या बायका पिढ्यानपिढ्या देवळात गायल्या, गाणं सगळ्यांना पाहिजे होतं, मान द्यायची वेळ आली की लोक घड्याळ बघायचे. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, गावात मान मिळायला त्यामानाने जास्त वेळ लागला.

आणि जे आज परंपरा म्हणून सांगतात ते पण कायम तसंच नव्हतं. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमधल्या संगीताबद्दल एक फर्मान काढलं, त्यात पियानो बंद, ड्रम आणि झांजा बंद, आणि बायकांना चर्चच्या कॉयरमधे घ्यायचं नाही असं साफ लिहिलेलं. त्या हिशोबाने तू आणि आँटी दोघी बाहेर, तो गिटारवाला पण बहुतेक तुमच्यामागोमाग. मग १९६० च्या दशकात व्हॅटिकनची मोठी परिषद झाली, लॅटिन जाऊन लोकांच्या भाषा आल्या, गिटार आली, तुमच्यासारख्या मुली पुढे उभ्या राहिल्या. मी हे आँटीला ग्रुपवर पाठवायला सांगत नाहीये, प्लीज नको पाठवूस, एवढंच की 'योग्य गाणं' ही रेघ आजपर्यंत बऱ्याच वेळा हललीय आणि हलवणारे विश्वासातलेच लोक होते.

आता ते सात वेळा आलेलं उदाहरण.

माझी एक मैत्रीण आहे मडगावची, रिटायर्ड टीचर, ४० वर्षं कॉयर चालवली, तुझं नाव न सांगता तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, डोंगरावरच्या प्रवचनात येशू एकदा म्हणतो तुमचा उजेड लोकांना दिसू द्या, आणि पान उलटलं की त्याच प्रवचनात म्हणतो लोकांनी बघावं म्हणून धर्म करू नका. मत्तयच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायात आहे, तू मला सांगायला हवंस, मी तुला कशाला सांगू. मी विचारलं मग दोन्हीचा मेळ कसा घालायचा, तर ती म्हणाली, आपण कामाला लागायचं, दिसतंय की नाही ते मागे वळून बघायचं नाही. तू सध्या सगळा वेळ मागे वळून बघतेयस. काँट्रॅक्ट घेतलं तर कशी दिसेन, सोडलं तर कशी दिसेन. दोन्हीकडे प्रेक्षकच बसलेत, एका बाजूला हॉटेलचे, एका बाजूला चर्चचे.

आणि पोरांचं म्हणशील तर पोरं काय बघतात ते तुला त्यांना शिकवताना कळलंच असेल. ती बारकी नऊ वर्षांची पोर तुझ्या रीलवरून काही शिकत नाही. तू प्रॅक्टिसला वेळेवर येतेस का, बेसूर पोराला सगळ्यांसमोर हसतेस का, फेस्ताचा सोलो आपल्या भाचीला देतेस की ज्याला येतो त्याला, हे ती बघते. हॉटेलात साऊंडवाल्याने माईक बिघडवला तर तू त्याच्यावर ओरडतेस की नाही हे तिथला वेटर बघतो. साक्ष वगैरे मोठे शब्द आहेत, मला त्यांच्याशी खेळायची भीती वाटते, पण बँडवाले तुला सिस्टर म्हणून चिडवतात म्हणजे दोन वर्षांत त्यांना तुझं काहीतरी कळलेलं आहे आणि ते तू भाषण न देता कळलंय. चिडवू दे.

पण आँटीला पण एकदम मोडीत काढू नकोस. माझी मैत्रीण इथे मला जरा ओरडलीच. म्हणाली, करिंथच्या लोकांना पॉलने लिहिलंय की मूर्तीला दाखवलेलं मांस खाण्यात तसं काही वाईट नाही, पण माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी नाही खाणार. म्हणजे मला चालतं तेवढ्यावर भागत नाही. मान्य. पण मग खरंच अडखळतंय कोण ते बघ ना. पन्नाशीची बाई नाराज आहे, ती अडखळलेली नाही, तिला आवडलेलं नाही, दोन्ही वेगळं. पण समज तुझ्या हाताखालची १५ वर्षांची मुलगी तुझं बघून शाळा सोडून हॉटेलात गायला निघाली, रात्री एकला कोणाच्यातरी बाईकवरून घरी यायला लागली, तिला वाटलं टीचर करते म्हणजे सगळं सेफ, तर ते अडखळणं आहे आणि त्यासाठी तू तिला बसवून खरं खरं सांगितलं पाहिजेस, की बाबा मी डिग्री घेतली, दिवसाची नोकरी आहे, गाडी ठरलेली असते, भाऊ न्यायला येतो, ड्रिंक कोणी पाठवलं तर ते टेबलावरच राहतं. हे सांगणं मला प्रोफाईलवरच्या वचनापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कमेंटवाले म्हणतात फक्त गॉस्पेल गा. मला एक कळत नाही, गॉस्पेल गाऊन माणूस मोठा होत नाही का? तिथे पण फॉलोअर्स आहेत, तिथे पण पोस्टर, तिथे पण कोणाचं नाव वर छापायचं ह्यावरून भांडणं. आमच्या भजनी मंडळांच्या स्पर्धा येऊन बघ एकदा, बक्षीस जाहीर झाल्यावर परीक्षकाला मागच्या दाराने न्यावं लागतं. गाणं देवाचं असलं म्हणून गाणाऱ्याचा मी लहान होतो असं काही नाही. आणि प्रेमाचं गाणं म्हणजे देवाबाहेरचं असंही नाही, तुमच्या बायबलातच गीतरत्न आहे, त्यात नवरा-नवरी एकमेकांच्या रूपाचं जे वर्णन करतात ते वाचून आमच्या लावण्या पण जरा पदर सावरतील.

तुझ्यासारख्या पेचातून जगात लोक गेलेत आणि प्रत्येकाने वेगळं केलंय. अमेरिकेत महालिया जॅक्सन होती, तिने ठरवलं नाईटक्लबात गायचं नाही, ब्लूज गायचे नाहीत, फक्त गॉस्पेल, आणि तरी १९५० मधे कार्नेगी हॉलमधे गायली आणि १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्च्यात मार्टिन ल्युथर किंगच्या भाषणाआधी गायली. म्हणजे नाही म्हटल्याने सगळं संपतंच असं नाही. अरिथा फ्रँकलिन उलट, पास्टरची मुलगी, चर्चमधून सरळ पॉपकडे गेली, मोठी स्टार झाली, आणि १९७२ मधे लॉस एंजेलिसच्या एका चर्चमधे दोन रात्री बसून गॉस्पेलचा आल्बम रेकॉर्ड केला, तो तिच्या सगळ्यात जास्त खपलेल्या आल्बमपैकी एक. तिचे वडील तिथे उभं राहून लोकांना म्हणाले की ही चर्च सोडून गेलीच नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती परत आली असं ते नाही म्हणाले.

आणि एमी ग्रँट. ही तुझ्या सगळ्यात जवळची. टीनेजर असल्यापासून चर्चची गाणी गाणारी, ख्रिश्चन घराघरात तिच्या कॅसेटी, आणि १९९१ मधे तिचं एक साधं पॉप गाणं अमेरिकेत एक नंबरवर गेलं. व्हिडिओत एका देखण्या मॉडेलबरोबर हसते-खिदळते, झालं, तिच्याच लोकांनी झोडपलं. गंमत म्हणजे त्या गाण्याचे शब्द तिने आपल्या तान्ह्या मुलीकडे बघून लिहिलेले. पुढे १९९९ ला तिचा घटस्फोट झाला तेव्हा तर विचारूच नको, जे लोक तिला आदर्श म्हणून मुलींना दाखवत होते तेच तिच्या कॅसेटी कपाटातून काढायला लागले. मला त्यात तिची चूक-बरोबर काढायची नाही. पण लोक जेव्हा तुला उदाहरण करतात तेव्हा ते तुला उंच ठेवतात आणि शिडी घेऊन जातात, मग तुला ताप आला, प्रेम झालं, लग्न मोडलं, शंका आली, तर खाली उतरायला जागा नसते. २०२२ मधे तिला केनेडी सेंटरचा मोठा सन्मान मिळाला, म्हणजे शेवटी बरं झालं म्हण, पण मधली वर्षं तिची तिने काढली.

म्हणून माझं म्हणणं असं की तू उदाहरणाची नोकरी घेऊच नकोस. ना आँटीकडून, ना कमेंटवाल्यांकडून, ना उलट बाजूने कंपनीकडून, त्यांना पण तू 'सगळ्यांची' असं काहीतरी उदाहरणच हवी आहेस. तू विश्वासातली एक मुलगी, गाते, चुकते, कन्फेशनला जाते, एवढं पुरे.

आता कामाचं. हे फक्त हिच्यासाठी नाही, ज्यांची पोरं भजनातून, मुसलमानांच्या नात-गायनातून, कोंकणी तियात्र नाटकांतून कुठेतरी वर चाललीत त्या सगळ्यांनी वाचा.

काँट्रॅक्ट तुझ्याकडे आलंय आणि तू त्यातलं फक्त गाण्याबद्दल लिहिलंस, कागदाबद्दल एक ओळ नाही. अकाउंट्सवाली ना तू? मला सगळ्यात जास्त भीती क्लबची नाही, 'एक्सक्लुझिव्ह' ह्या एका शब्दाची आहे. तीन वर्षं तुझा आवाज फक्त आमचा असं त्यात लिहिलेलं असेल तर ते रेकॉर्ड होणाऱ्या सगळ्या गाण्यांना लागू शकतं, म्हणजे चर्चच्या फेस्ताची मिस यूट्यूबवर लाईव्ह गेली आणि त्यात तू सोलो गायलीस तर तो पण करारभंग म्हणून धरता येईल. तू इथे कॉयर सोडू की काँट्रॅक्ट म्हणून रडतेयस आणि त्या कागदाने कदाचित तुझ्यासाठी आधीच ठरवून टाकलं असेल. त्यात सरळ लिहून घे की चर्चमधलं आणि धार्मिक गाणं, लाईव्ह किंवा रेकॉर्डेड, पैसे न घेता, ह्या कराराबाहेर. चांगली कंपनी एवढ्याला नाही म्हणत नाही. म्हणालीच तर तुझं उत्तर तुला शुक्रवारच्या आधी मिळालं.

तसंच गाणं नाकारायचा हक्क. सगळी नाही, वर्षाला दोन तरी. मी तुला आईसमोर गाता येईल का ही कसोटी सांगणार नाही, आयांसमोर चांगली गाणी गायला पण लाज वाटते. माझी कसोटी वेगळी आहे, त्या गाण्यात जी बाई आहे ती माणूस आहे की बाटलीसारखी वस्तू, एवढंच बघ. क्लबचं गाणं, नाचायचं गाणं, ह्यात वाईट काही नाही, आमच्या शिगम्यात काय गातात ते तुला माहितीये. पण जे शब्द तोंडात धरताना तुझी जीभ अडखळते ते नको गाऊस, कारण गाणं चाललं तर तेच शब्द पुढची १० वर्षं प्रत्येक लग्नात तुझ्याकडून मागून घेणार. व्हिडिओतले कपडे आणि सीन शूटिंगच्या दिवशी नाही, आधी लेखी ठरव. गुड फ्रायडे, करेज्मातला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातला, शेवटचा आठवडा, नाताळची रात्र, गावचं फेस्त, ह्या तारखांना शो नाही असं पण घालून घे, मुंबईवाले ह्याला ब्लॅकआऊट डेट्स म्हणतात, त्यात त्यांना नवल वाटायचं काही नाही.

पैशाचं पण बोल, त्यात पाप नाही. २०१२ मधे कॉपीराइटचा कायदा बदलला, त्यात गायकाला परफॉर्मर म्हणून त्याच्या गाण्याच्या कमर्शियल वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे, आणि ती गोळा करायला गायकांची इसामरा म्हणून सोसायटी आहे. एकरकमी घ्या आणि सही करा म्हणणाऱ्याला हे माहीत असतं, तुला माहीत नाही असं त्याला वाटतं. स्वतःचा वकील बघ, कंपनीने सुचवलेला नको. हजार-दोन हजार जास्त गेले तर जाऊ दे, वीकेंडचे एक रात्रीचे पैसे समज.

प्रोफाईलवरचं वचन? खरं सांगू, त्यावर मी भांडले नसते. ते गेलं तर देवाला पत्ता सापडणार नाही असं नाही. पण तू लिहिलंस की आजीचा खुरीस गळ्यात असतो, तो काढ म्हणाले तर मी तिथेच उठले असते. का असं विचारशील तर नीट सांगता येणार नाही, वचन तू लोकांना दाखवायला लिहिलेलं, खुरीस आजीने तुला घातलेला, एवढाच फरक मला दिसतो. तुझी रेघ वेगळी असू शकते, फक्त ती मुंबईला जायच्या आधी घरात बसून ओढ, तिथल्या मीटिंगमधे एसीत बसून सगळ्याच रेघा लांब वाटतात.

काँट्रॅक्ट नाकारायचं असेल तर ते पण चालेल बरं का, मी तुला ढकलत नाहीये. महालियासारखं ठरवून नाही म्हणणं मोठं आहे. पण आँटीच्या मेसेजला घाबरून नाही म्हटलंस तर त्याची आंबट ढेकर वर्षानुवर्षं येते आणि ती मग तू बिचाऱ्या पोरांवर काढशील, मी अशा तीन-चार संगीत शिक्षिका बघितल्यात, आवाज सोन्यासारखा आणि जीभ विळ्यासारखी. आणि नोकरी दोन्ही बाबतीत लगेच सोडू नकोस, एक गाणं चाललं म्हणजे तीन वर्षं चाललीत असं होत नाही.

कॉयर मात्र सोडू नकोस, काढून टाकलं तर गोष्ट वेगळी. ह्याचं कारण उदाहरण वगैरे नाही. तू विचार कर, मिसेत भजन संपलं की काय होतं? काही नाही. कोणी टाळ्या वाजवत नाही, पाद्री पुढचं वाचायला लागतात, एखादं पोर रडतं. तुझ्या आठवड्यातला तो एकच तास आहे जिथे तू गाऊन झाल्यावर कोणी तुझ्याकडे बघत नाही. पुढच्या तीन वर्षांत तुला त्या तासाची जेवढी गरज पडेल तेवढी कॉयरला तुझी पडणार नाही. म्हणून पाद्रींना आणि कॉयरमास्टरना आपणहून जाऊन सांग की मला सोलो देऊ नका, मागच्या रांगेत आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, गाते, मुलांची प्रॅक्टिस शनिवारची बुधवारवर नेते कारण शनिवारी मी थकलेली असते, आणि नाताळच्या पोस्टरवर माझा फोटो टाकू नका. हे शेवटचं नक्की सांग, कारण गाणं चाललं की तेच लोक फोटो मागायला येतील, माझ्या बाबांच्या दारात आले तसे. बहुतेक आँटीच येईल. ये म्हण, चहा दे.

पाद्रींनी विचार कर म्हटलं ह्याचा तू राग धरलायस, मला तर ते शहाणे वाटले. त्यांच्याकडे परत जा पण ह्यावेळी काय करू म्हणून नको विचारूस, काँट्रॅक्टचा कागद घेऊन जा आणि म्हण, फादर, वर्षातून चार वेळा मी तुमच्याकडे येणार आणि माझं कसं चाललंय ते तुम्ही मला तोंडावर सांगायचं. प्रसिद्धी मिळाली की माणसाला हो म्हणणारे पैशाला पासरी मिळतात, नाही म्हणू शकेल असं एक माणूस आत्ताच, गाणं यायच्या आधी, पकडून ठेवावं लागतं. पाद्री नको असतील तर तुझी मोठी बहीण, तिचं तू लिहिलंस ते वाचून ती तोंडाळ दिसते, बरंच आहे.

राहिली आई. ती गप्प आहे म्हणजे तुला वाटतंय तिला लाज वाटते. तू विचारलंस का तिला? आयांच्या गप्प बसण्याचे आपण फार अर्थ लावतो, आणि बऱ्याच वेळा ती नुसती घाबरलेली असते की रात्री पोर घरी कशी येणार, मुंबईत राहणार कुठे, कोणी फसवलं तर. विश्वासाचं सोड, तिला हॉटेलच नेऊन दाखव. दोन वर्षं गातेयस आणि तिने एकदाही तुला तिथे ऐकलेलं नाही असं तूच लिहिलंयस. ह्या शनिवारी घेऊन जा, कोपऱ्यातलं टेबल सांग, लिंबू सोडा दे, बँडवाल्यांची ओळख करून दे, ते सिस्टर म्हणतात ते पण ऐकू दे तिला, हसेल बहुतेक. परत येताना गाडीत ती काय बोलते ते ऐक, मग शुक्रवारी कंपनीला फोन कर. आणि वकिलाकडे मात्र सोमवारीच जा, शनिवारची वाट बघू नकोस.

तुझी,
ताई